संक्रांत झाली तरी उजाडत का नाही? दोन गावं, चार वक्र आणि एक अक्ष

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अकरावीतली एक मुलगी प्रयोगशाळेत आली आणि दोन आलेख माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मॅडम, काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नाही." एक आलेख नागपूरच्या सूर्योदयाचा, दुसरा रत्नागिरीच्या. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला होता तो घरातल्या फोनवरून. ती नागपूरला, आजी रत्नागिरीला. रोज सकाळी शाळेला निघताना ही फोन करणार आणि आजी म्हणणार, "अगो, अजून काळोख आहे इथे." शिवाय तिचा स्वतःचा एक प्रश्न होता. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. मग डिसेंबरपेक्षा आता जास्त अंधारात का निघावं लागतं?

प्रश्न दोन, आणि दोन्ही चांगले. तिचे आलेखही नीटनेटके होते. लिबरऑफिस कॅल्क या तक्ते-आलेखांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेले, रंगीत, शीर्षकासह. पण त्यांतून यांतला एकही प्रश्न सुटत नव्हता. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन आलेखांत तीच घळ, तीच टेकडी दिसत होती. शीर्षकं झाकली असती तर रत्नागिरी कुठली आणि नागपूर कुठलं हे मलाही सांगता आलं नसतं.

कारण साधं होतं. प्रत्येक आलेखाचा उभा अक्ष सॉफ्टवेअरने आपापला ठरवला होता. हातात जेवढे आकडे, तेवढ्यापुरता अक्ष ताणायचा ही त्याची सवय. एकात पाचपासून सातपर्यंत, दुसऱ्यात सहापासून साडेसातपर्यंत. दोन गावांमधला फरक हाच ज्याचा विषय, त्या आलेखातून सॉफ्टवेअरने नेमका फरकच पुसून टाकला होता. आलेखाच्या कागदावर हाताने काढताना कोपऱ्यात प्रमाण लिहायचं असतं. त्या कंटाळवाण्या ओळीमुळे निदान आपण कोणतं प्रमाण घेतलं हे एकदा तरी मनात येतं. इथे ते आलंच नव्हतं.

मी म्हटलं, दोन्ही वक्र एकाच चौकटीत आण. सगळं कदाचित तिथेच दिसेल.

दिसलं, पण भलतंच. दोन्ही वक्र एका चौकटीत आल्यावर दोघांनाही पायऱ्या पडलेल्या दिसल्या. नागपूरचा वक्र एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एकदम खाली कोसळत होता आणि सप्टेंबरमध्ये एकदम वर चढत होता. रत्नागिरीचा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उडी मारून वर जायचा आणि फेब्रुवारीच्या शेवटी उडी मारून खाली यायचा. सुट्या आलेखांत या पायऱ्या होत्याच, पण तिथे तिने त्या "सूर्य तसाच असेल" म्हणून सोडून दिल्या होत्या. आता एकाच अक्षावर त्या वेगवेगळ्या ठिकाणी आल्या, तेव्हा सोडून देता येईना. सूर्याचीच खोडी असती तर दोन्ही गावांना एकाच तारखेला दिसली असती.

मी तिला तारखा बघू नकोस, उंची बघ म्हटलं. नागपूरच्या पायऱ्या सहाच्या रेघेवर होत्या, रत्नागिरीच्या सातच्या. तिने तक्ता उघडला आणि मला घोटाळा कळला. वेळा तिने आपण बोलतो-लिहितो तशा भरल्या होत्या, टिंब देऊन. सहा वाजून छप्पन्न मिनिटं म्हणजे ६.५६. कॅल्कसाठी ती वेळ नव्हे, दशांश अपूर्णांक. १ डिसेंबरला ६.५६, १५ डिसेंबरला ७.०४. प्रत्यक्षात वाढ आठ मिनिटांची, आलेखात मात्र ०.४८. म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाएवढी उडी. ६.५९ आणि ७.०० यांच्यामध्ये कॅल्कला चाळीस न जगलेली मिनिटं दिसत होती. नागपूरचा सूर्योदय कधी सातच्या पुढे जात नाही पण उन्हाळ्यात सहाच्या आत येतो, म्हणून त्याची उडी सहावर. दुसऱ्या रकान्यातला सूर्योदय सहाच्या आत येतच नाही पण हिवाळ्यात सात ओलांडतो, म्हणून त्याची सातवर.

ही चूक मी दरवर्षी बघते. मुलांच्या नोंदीत, बसच्या वेळापत्रकात, एकदा तर रुग्णाच्या तापाच्या तक्त्यात. टिंबाऐवजी विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके दिले की तोच आकडा वेळ म्हणून वाचला जातो. आम्ही पुढे जाऊन सगळ्या वेळा मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत बदलून घेतल्या. ६:५६ म्हणजे ४१६. वजाबाकी करायची असेल तर हेच सोयीचं.

पायऱ्या गेल्या, तरी वक्र जुळेनात. रत्नागिरीचा वक्र उजवीकडे सरकत सरकत गेल्यासारखा दिसत होता. वर्षाच्या सुरुवातीला ठीक, डिसेंबर येईपर्यंत दीड-दोन महिन्यांनी पुढे. हा घोळ आलेखाच्या प्रकाराचा होता. तिने 'रेषा' हा प्रकार निवडला होता. आलेख म्हणजे रेघ, म्हणून रेषा, हे कुणालाही पटेल. पण कॅल्कच्या रेषा-आलेखात आडव्या अक्षावरचा मजकूर ही नुसती लेबलं असतात. पहिली ओळ पहिल्या खुंटीवर, दुसरी दुसऱ्या. ती खुंटी कोणत्या तारखेची हे बघायचं कारणच नसतं. तारखा तिने '१ जाने.' अशा अक्षरांत लिहिल्या होत्या, त्यामुळे त्या तारखा आहेत हे ओळखण्याची संधीही सॉफ्टवेअरला मिळाली नाही. नागपूरच्या रकान्यात महिन्याला दोन अशा चोवीस ओळी होत्या. रत्नागिरीच्या रकान्यात तिने संक्रांत, दोन्ही संपात दिवस (दिवस-रात्र सारखे असतात ते) आणि २१ जून वगैरे जास्तीचे दिवस हौसेने घातले होते. ओळी वाढल्या आणि खुंट्या सरकल्या.

अनेक आलेख एका अक्षावर आणायचे आणि प्रत्येकाच्या नोंदी वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या असतील, तर रेषा-आलेख वापरायचाच नाही. 'एक्स-वाय' प्रकार घ्यायचा, ज्याला विखुरलेल्या बिंदूंचा आलेख म्हणतात. तिथे प्रत्येक मालिकेला स्वतःचा आडवा रकाना असतो आणि बिंदू संख्येप्रमाणे बसतो. तारखेऐवजी वर्षातला कितवा दिवस ते लिहिलं, १ ते ३६५, आणि वक्र एकमेकांच्या डोक्यावर नीट येऊन बसले.

आता सूर्यास्त.

सूर्योदय आणि सूर्यास्त एकाच उभ्या अक्षावर घ्यायचे तर अक्ष पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत ताणावा लागतो. पंधरा तासांच्या अक्षावर वर्षभरातली सव्वा-दीड तासाची चढउतार म्हणजे मुंगीने वाकवलेली रेघ. साहजिकच तिने सूर्यास्ताची मालिका उजवीकडच्या दुय्यम अक्षावर नेली. मालिकेवर उजवी टिचकी मारून एक खूण बदलली की काम होतं. इतकं सोपं करून ठेवलंय म्हणूनच मला त्या सोयीचा राग आहे. आलेख लगेच भरगच्च दिसायला लागला. सूर्योदयाचा वक्र उन्हाळ्यात खाली, सूर्यास्ताचा वर, आणि दोघे वर्षातून दोनदा एकमेकांना छेदून जात होते.

मी बोट ठेवून विचारलं, "इथे काय होतं?"

"इथे दोन्ही वक्र एकत्र येतात."

"म्हणजे सूर्य उगवला आणि मावळला, एकाच वेळी?"

ती हसली, पण प्रश्न खोटा नव्हता. डावा अक्ष पाचला सुरू होत होता, उजवा सव्वापाचला. दोन्ही सॉफ्टवेअरने ठरवलेले. उजवा अक्ष थोडा खाली ओढला की छेदबिंदू मार्चमधून एप्रिलमध्ये जाणार, वर ओढला की फेब्रुवारीत. बघणाऱ्याची नजर मात्र सगळ्यात आधी छेदबिंदूवरच जाते. दोन वेगळ्या अक्षांवरचे वक्र एका चौकटीत ठेवणं म्हणजे दोन भाषांतली वाक्यं एका ओळीत लिहून त्यांत यमक शोधण्यासारखं आहे. वर्तमानपत्रांत पाऊस आणि भाव, तापमान आणि रुग्ण असे दुहेरी अक्षांचे आलेख येतात, तेव्हा मी आधी दोन्ही अक्षांचे आरंभबिंदू बघते.

मी तिला एकावर एक दोन चौकटी काढायला सुचवणार होते. पण त्याआधी तीच म्हणाली, "मॅडम, घड्याळात सहा म्हणजे सहाच ना? सकाळचे असोत की संध्याकाळचे."

ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली कल्पना, आणि ती माझी नाही. सूर्यास्ताच्या वेळेतून बारा तास वजा करायचे आणि तो सूर्योदयाच्याच अक्षावर टाकायचा. भिंतीवरच्या घड्याळात काटा जिथे असेल ती उंची. दुय्यम अक्ष गेला. चारही वक्र सव्वापाच ते साडेसात या एकाच पट्ट्यात मावले. आणि गंमत म्हणजे छेदबिंदूंना आता अर्थ आला. सकाळी जेवढे वाजता उगवला, संध्याकाळी तेवढेच वाजता मावळला, म्हणजे दिवस बरोबर बारा तासांचा. सहा बाविसाला उगवून सहा बाविसाला मावळणारा नागपूरचा दिवस १५-१६ मार्चच्या आसपास येतो. पुस्तकात तर २१ मार्च लिहिलेलं असतं. तिने लगेच विचारलं, हे पाच-सहा दिवस कुठे गेले? ते हवेने खाल्ले. सूर्याची वरची कड क्षितिजावर दिसली की आपण उगवला म्हणतो, आणि वातावरणातल्या वक्रीभवनामुळे ती कड प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाच दिसते. दोन्ही मिळून पन्नास कलांचा, म्हणजे ०.८३३ अंशाचा फायदा. सकाळी साडेतीन मिनिटं आणि संध्याकाळी साडेतीन. म्हणून संपाताच्या दिवशी नागपूरचा दिवस बारा तास सात मिनिटांचा असतो आणि खरी बरोबरी थोडी आधी होऊन जाते.

इथवर कॅल्क पुरलं. पुढे मला नोंदींच्या बिंदूंवर सूत्राने काढलेला सलग वक्र हवा होता, म्हणून आम्ही न्यूप्लॉटकडे (gnuplot) वळलो. आलेख काढायचं जुनं फुकट सॉफ्टवेअर आहे, पहिली आवृत्ती १९८६ सालची. नावात 'न्यू' (gnu) असलं तरी GNU या प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाशी त्याचा जन्माचा संबंध नाही. त्यात माउसने काही ओढायचं नसतं, आज्ञा लिहायच्या असतात. मुलांना पहिला तास जड जातो. पण अनेक वक्र एका अक्षावर टाकायचे तर स्वल्पविराम देत जायचं, बस. एकाच 'प्लॉट' आज्ञेत पहिली फाइल, स्वल्पविराम, दुसरी फाइल, स्वल्पविराम, सूत्र. सगळ्यांना अक्ष तोच. वेगळा अक्ष हवा असेल तर मुद्दाम मागावा लागतो, आणि मुद्दाम मागावा लागणं हेच मला आवडतं.

सूत्र असं. वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकातून ८१ वजा करायचे आणि ३६०/३६५ ने गुणायचं, म्हणजे तो दिवस वर्तुळातला कोन होतो. त्या कोनाची साइन गुणिले २३.४४ म्हणजे सूर्याची क्रांती, विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश. क्रांती आणि गावाचा अक्षांश यांवरून अर्ध्या दिवसाची लांबी मिळते. मध्यान्ह कधी हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे रेखांश. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्वेची, आणि त्याच्या पश्चिमेला दर अंशाला चार मिनिटं उशीर. नागपूर ७९.०९ अंशांवर, म्हणजे साडेतेरा मिनिटांच्या वर थोडं. रत्नागिरी ७३.३० वर, म्हणजे जवळजवळ सदतीस. दुसरी गोष्ट वेळेचं समीकरण, म्हणजे सूर्याची मध्यान्ह वर्षभर घड्याळाच्या तुलनेत मागेपुढे सरकते तो फरक. तिच्याकडे नंतर येते.

तिने सूत्र टंकलं, आज्ञा दिली, आणि रिकामी चौकट आली. अक्ष होते, वक्र नव्हते. न्यूप्लॉट कोन रेडियनमध्ये धरतो. २१.१५ अंश त्याने २१.१५ रेडियन समजले, कोज्येची किंमत एकच्या बाहेर गेली आणि बिंदूच उरला नाही. 'सेट अँगल्स डिग्रीज' ही एक ओळ घातली. आता वक्र आले, पण ते वक्र नव्हतेच. दोन आडव्या सरळ रेघा. नागपूरची ६:१८ वर, रत्नागिरीची ६:४१ वर, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सपाट.

यावर आमची वीस मिनिटं गेली. कंस मोजले, चिन्हं मोजली. मग लक्षात आलं की ३६० आणि ३६५ या दोन्ही पूर्ण संख्या आहेत. न्यूप्लॉट पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागतो तेव्हा उत्तरही पूर्णच देतो, दशांश सोडून. ३६० भागिले ३६५ बरोबर शून्य. शून्याने गुणल्यावर वर्षातला प्रत्येक दिवस एकच दिवस झाला. ३६० च्या जागी ३६०.० लिहिलं आणि रेघांना लगेच जीव आला.

ती सरळ रेघांचं चित्र पुसायला निघाली होती. मी म्हटलं, ठेव. ऋतू काढून घेतल्यावर दोन गावांत जे उरतं ते या चित्रात आहे. तेवीस मिनिटं. निव्वळ रेखांशाची, पृथ्वी फिरायला लागणारी तेवीस मिनिटं. चुकून काढलेलं हे चित्र नंतर पोस्टरवर डाव्या कोपऱ्यात गेलं.

मग नोंदींचे बिंदू आणि सूत्राचे वक्र एकत्र टाकले. नागपूरचे बिंदू वक्रावर नीट बसले, एखाद-दुसरं मिनिट इकडेतिकडे. ते फोनमधल्या अॅपवरून घेतलेले होते. रत्नागिरीचे बसेनात. डिसेंबरात बिंदू वक्राच्या सहा मिनिटं वर, जूनमध्ये दोन मिनिटं खाली. तिला वाटलं सूत्र ढोबळ आहे. ढोबळ आहेच, पण मग नागपूरला का बसलं?

या चुकीची ठेवण बघण्यासारखी होती. घड्याळ पुढे-मागे असतं किंवा रेखांश चुकला असता, तर सगळे बिंदू वर्षभर एकाच बाजूला सरकले असते. इथे हिवाळ्यात वर आणि उन्हाळ्यात खाली, म्हणजे बिंदूंचा वक्र आमच्या वक्रापेक्षा जास्त खोल होता. हिवाळा-उन्हाळ्याचा फरक जास्त म्हणजे गाव अधिक उत्तरेचं. मी विचारलं, "या वेळा आणल्यास कुठून?" आजीच्या घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून. मामाने बारा पानांचे फोटो पाठवले होते. मामाला फोन गेला. त्याने चष्मा लावून पानाच्या तळाची बारीक ओळ वाचली. वेळा मुंबईच्या होत्या.

आम्ही सूत्रात १८.९७ अक्षांश आणि ७२.८२ रेखांश घातला. सगळे बिंदू वक्रावर जाऊन बसले. आजीच्या घरात इतकी वर्षं रत्नागिरीचा सूर्य मुंबईच्या वेळेने उगवत होता, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. सह्याद्रीमुळे तिथे सूर्य तसाही उशिरा दिसतो, त्यामुळे सकाळी पडताळून बघायचीही सोय नाही. संध्याकाळची मात्र आहे. मामाला भाट्याच्या वाळूत दोन संध्याकाळी उभं केलं. समुद्रात शेवटची कड बुडाली तेव्हाची वेळ त्याने कळवली, दोन्हीदा सूत्राच्या एका मिनिटाच्या आत. रत्नदुर्गावर चढून बघू नकोस असं मुद्दाम सांगितलं होतं, कारण उंचावरून क्षितिज खाली जातं आणि सूर्य जरा उशिरा बुडतो.

आता मूळ प्रश्नांकडे. चार वक्रांच्या खाली आम्ही दुसरी चौकट जोडली. आडवा अक्ष तोच, महिन्यांची नावं फक्त तळाला. न्यूप्लॉटमध्ये याला मल्टिप्लॉट म्हणतात. इथे एक बारकावा आहे. वरच्या चौकटीत डावीकडे ५:३०, ६:०० अशी रुंद लेबलं, खालच्या चौकटीत १५, २० अशी अरुंद. डावा समास सॉफ्टवेअरवर सोडला तर खालची चौकट थोडी डावीकडे सुरू होते आणि वरचा जून खालच्या जूनच्या डोक्यावर येत नाही. बघणाऱ्याला कळतही नाही, नुसतं चुकीचं वाचलं जातं. दोन्ही चौकटींचे डावे-उजवे समास पडद्याच्या प्रमाणात आकडे देऊन बांधून टाकले.

खालच्या चौकटीत काढला फरक. रत्नागिरीच्या वेळेतून नागपूरची वेळ वजा, मिनिटांत. एक वक्र सूर्योदयाचा, एक सूर्यास्ताचा. मला वाटलं होतं की तेवीसच्या आसपास थोडं हलणारी रेघ येईल. आल्या दोन मोठ्या लाटा, एकमेकींच्या उलट. डिसेंबरात रत्नागिरीला सूर्य पंधरा मिनिटं उशिरा उगवतो आणि एकतीस मिनिटं उशिरा मावळतो. जूनमध्ये नेमकं उलट, उगवायला एकतीस मिनिटं उशीर आणि मावळायला पंधरा. दोन्ही लाटा मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये तेवीसवर भेटतात, आणि हा छेद खरा आहे. संपाताच्या दिवशी सगळ्या अक्षांशांवर दिवस जवळपास सारखाच, म्हणून उरतो फक्त रेखांश. बाकी वर्षभर नागपूर चार अंश उत्तरेला असल्याचा हिशेब त्यात मिळवला किंवा वजा होत राहतो. हिवाळ्यात नागपूरचा दिवस सोळा मिनिटांनी लहान, म्हणून सकाळचं अंतर मिटत येतं. उन्हाळ्यात तेवढाच मोठा, म्हणून ते वाढतं.

म्हणजे आजी म्हणते तो काळोख जानेवारीत खरं तर जवळजवळ सगळ्यात कमी होता. जूनमध्ये फोन केला असता तर दुप्पट उशीर दिसला असता. पण तेव्हा शाळेला सुट्टी, आणि सकाळी सहाला फोन कोण करतंय?

संक्रांतीचं उत्तर वरच्या चौकटीतच होतं, फक्त दोन वक्र एकत्र वाचायचे होते. नागपूरला २२ डिसेंबरला सूर्य ६:४७ ला उगवतो, ५:३७ ला मावळतो. १४ जानेवारीला उगवतो ६:५४ ला, मावळतो ५:५२ ला. दिवस सातेक मिनिटांनी वाढला हे खरंच. पण ते कसं? संध्याकाळ चौदा-पंधरा मिनिटांनी लांबली आणि सकाळ सात मिनिटं उशिरा व्हायला लागली. तीळ वाढले ते सगळे संध्याकाळच्या वाटीत, आणि वर सकाळच्या वाटीतले थोडे काढून घेतलेले. नागपूरला वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय नेमका संक्रांतीच्या सुमाराला येतो, आणि सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊनही गेलेला असतो. रत्नागिरीला सूर्योदय आणखी काही दिवस उशिरा उशिरा होत राहतो, २० जानेवारीच्या आसपासपर्यंत, जवळजवळ ७:१० ला.

याचं कारण म्हणजे मघाशी राहिलेलं वेळेचं समीकरण. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याला सगळ्यात जवळ आणि सगळ्यात वेगात. त्यात आसाचा कल. दोन्ही मिळून डिसेंबरअखेर एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंत चोवीस तासांपेक्षा सुमारे अर्धं मिनिट जास्त लागतं. रोज अर्धं मिनिट, तेवीस दिवसांत अकरा मिनिटं. सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही या सरकत्या मध्यान्हीला बांधलेले, म्हणून दोन्ही पुढे ढकलले जातात. आम्ही मध्यान्हीचा वक्रही काढून बघितला. नागपूरला फेब्रुवारीत १२:२८, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११:५७. रत्नागिरीला तेच सगळं तेवीस मिनिटांनी वर, तंतोतंत समांतर. पोस्टरवर मात्र घेतला नाही. चार वक्र माणूस वाचतो, सहा वक्र तो नुसते बघतो.

छपाईचं थोडक्यात सांगते. रंग दोनच ठेवले, गावाला एक. सूर्योदय सलग रेघ, सूर्यास्त तुटक, म्हणजे काळी-पांढरी झेरॉक्स काढली तरी ओळखू येतं. सूचीची चौकट काढून टाकली आणि गावाचं नाव थेट वक्राच्या टोकाला लिहिलं. मराठी लेबलांनी त्रास दिला. साध्या पीएनजी निर्यातीत 'एप्रिल'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली आणि रफार-रकार सुटे पडले. कैरो (cairo) या चित्र रेखाटणाऱ्या प्रणालीवरची पीएनजी निर्यात निवडली, देवनागरी फॉन्टचं नाव दिलं, तेव्हा अक्षरं जुळली.

प्रदर्शनात पोस्टरपुढे गडचिरोलीहून आलेले एक शिक्षक उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "आमचं गाव कुठे यात?" लॅपटॉप शेजारी होताच. मुलीने त्यांना अक्षांश-रेखांश विचारले, फोनवर बघून २०.१८ आणि ८०.०० भरले, प्लॉटच्या ओळीत आणखी एक स्वल्पविराम दिला. तिसरा सूर्योदय उमटला, नागपूरच्या जरा खाली. डिसेंबरात दोघांत साडेपाच मिनिटांची फट, जूनमध्ये जेमतेम दीड-दोन मिनिटांची, जवळजवळ चिकटलेली. शिक्षकांनी विचारलं, "उन्हाळ्यात आम्ही नागपूरला का चिकटलो?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या पूर्वेला आहात, पण दक्षिणेलाही आहात. जूनमध्ये तुम्हाला पूर्वेमुळे जे मिळतं, ते दक्षिणेमुळे जातं."

ते पुढे वाकले आणि बोटाने डिसेंबरची फट मोजू लागले.